बाबांनी आईसाठी केलेलं यंत्र

झेंडूचा वास आला की मला डिचोलीतला तो काजूचा कारखाना आठवतो. बाबा तिथे फिटर होते आणि आई काजू फोडायची. टरफलातल्या तेलाने तिची बोटं भाजून काळी पडली होती. तिच्यासाठी बाबांनी कितीतरी संध्याकाळी पडवीत खपून एक लहानसं यंत्र केलं. त्यात बी फुटायची, पण तेल हाताला लागत नसे. खंडेनवमीला त्यांनी ते हौसेने कारखान्यात नेलं आणि तिथल्या हत्यारांच्या पूजेत मांडलं. मालकाने ते उचलून उलटसुलट पाहिलं. "पात्रांव, हे मी घरी केलंय, बायलेसाठी," बाबा म्हणाले. "नोकरीत असताना केलंस ना? मग ते कंपनीचं. नोकरीच्या कागदावर तुझी सही आहे," म्हणत मालकाने यंत्र कपाटात ठेवलं. पुढे पेटंट कंपनीच्या नावावर झालं आणि बाबांना दुसरं करायचीही बंदी आली. पुढच्या खंडेनवमीला बाबा घरी रिकाम्या पाटासमोर नुसते बसून राहिले. तेव्हा आईने आपले काळे हात पाटावर ठेवले. बाबांनी त्यांवर झेंडूचं फूल वाहिलं आणि ते हुंदके देत रडले. आता बाबा नाहीत. ते यंत्र बाजारात मिळतं. एक आणू का विचारलं, की आई हात पदराआड घेते.