काटा चाळीसवरच होता

जनू गेल्याचे मला माझ्या शेडच्या दारातच कळले. त्याच्या बायकोचा, सुनंदाचा, भाऊ मोटरसायकलवरून आला आणि गाडी बंद न करताच म्हणाला, "नाना, भावोजी गेले." एवढे सांगून तो तसाच पुढच्या वाडीकडे निघून गेला. माझ्या हातात अर्धी सोललेली वायर होती. ती मी पूर्ण सोलली, तांब्याचे केस पिळून नीट केले, आणि मग स्टुलावर बसलो. धक्का बसला असे म्हणता येणार नाही. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्याला बघून आलो होतो. पोटात पाणी झाले होते, चेहरा हळदीसारखा पिवळा. पडवीतल्या खाटेवर तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. माझी चाहूल लागली तसा वळला आणि म्हणाला, "नाना, एक इचारू? ती झाडं खरंच लवकर पळत व्हती ना?"

त्याला एका शब्दात उत्तर देता आले असते. मी म्हणालो, "पड जरा. बोलू नको जास्त."

ते माझे त्याच्याशी शेवटचे बोलणे ठरले. म्हणून हा लेख लिहितो आहे. जनूबद्दल आमच्या भागात जे बोलले जाते, ते खरे नाही, आणि ते खरे नाही हे इतकी वर्षे फक्त मला ठाऊक होते.

जनार्दन हे त्याचे पूर्ण नाव, पण ते फक्त परवान्यावर होते. किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून म्हसळ्यापर्यंत तो जीप चालवायचा. पहाटे बोटी लागल्या की मासळीवाल्या बायका टोपल्या घेऊन त्याच्या जीपमध्ये बसत, आणि बाजार भरायच्या आत तो त्यांना पोचवी. मी ओळखत असलेल्या ड्रायव्हरांत इतका भित्रा ड्रायव्हर दुसरा नव्हता, आणि हे मी कौतुकाने सांगतो आहे. घाटाच्या वळणावर समोरून काही येत नसले तरी तो हॉर्न देई. भागीमावशी नावाची एक थोराड कोळीण नेहमी पुढच्या सीटवर बसे. ती त्याला चिडवायची, "जनू, तुझ्या जीपच्या म्होरं बैल जुंप रं, म्हंजी लवकर पोचू!" त्यावर जनू म्हणे, "मावशे, बैलाला तुझं वजन झेपंल का?" मग मागच्या सगळ्या बायका हसत.

मी तेव्हा न्हावा शेव्याहून निवृत्त होऊन गावी परतलो होतो. तिथे माझा जन्म कंटेनरच्या ट्रेलरांचे वायरिंग करण्यात गेला. गावात रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड घातली, आणि आसपासच्या गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या. कामाचा मला गर्व होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. माझी एकही वायर कधी लोंबकळताना दिसली नसती.

जनूच्या जीपचा गिअरबॉक्स गेला तेव्हा त्याने पनवेलच्या एका भंगारवाल्याकडून दुसऱ्या जातीच्या गाडीचा गिअरबॉक्स आणून बसवला. मेस्त्रीने तो बसवला चांगला, पण एक अडचण राहिली. जुन्या गिअरबॉक्समधून एक केबल निघून डॅशबोर्डच्या मीटरपर्यंत जायची आणि ती फिरली की काटा हले. नव्या गिअरबॉक्सला केबलची जागाच नव्हती. काटा मेला. आरटीओच्या पासिंगला मीटर चालू असावा लागतो, म्हणून जनू माझ्याकडे आला. मी त्याला विजेवर चालणारा मीटर आणायला सांगितले. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला एक सेन्सर बसतो, चाकांकडे जाणारा दांडा फिरला की तो ठोके देतो, आणि ते ठोके मोजून मीटर वेग दाखवतो. तीनच वायरी. एक चावीच्या स्विचवरून, एक बॉडीला अर्थिंगची, आणि तिसरी ठोक्यांची. खरी किचकट ती तिसरी. पहिल्यांदा जोडली तेव्हा गाडी जागेवर उभी, आणि हॉर्न दाबला की काटा थरथरून वर चढायचा. जनू मागे सरकला. "नाना, हिच्यात काय शिरलंय का?" मी हसलो. शिरली होती ती शेजारच्या वायरींतली वीज. ती वायर मी जाळीच्या वेष्टणातली घेतली, चार्जिंगच्या वायरीपासून लांब, दुसऱ्या बाजूने फिरवली, जाळी एकाच टोकाला अर्थ केली. काटा शांत झाला. त्या दिवशी मला फार समाधान वाटले होते... आज ते आठवले की अंगावर काटा येतो.

शेवटचे काम राहिले ते मीटरला किलोमीटर शिकवण्याचे. असा मीटर आपण होऊन काही जाणत नाही. त्याच्या मागे एक बटण असते. नेमका एक किलोमीटर गाडी चालवायची, सुरुवातीला बटण दाबायचे, शेवटी दाबायचे. मधले ठोके तो लक्षात ठेवतो आणि जन्मभर त्या मापाने वेग दाखवतो. आज कोणीही मोबाइलवर ताडून बघेल. तेव्हा आम्हाला ते सुचले नाही. रस्त्यावर सरकारी किलोमीटरचे दगड होतेच. शेडसमोरच्या दगडापाशी मी बटण दाबले, जनूने गाडी सरळ नेली आणि रस्त्याखालच्या मोरीजवळ असलेल्या पुढच्या दगडापाशी मी पुन्हा दाबले. "झालं," मी म्हणालो. "आता हा कधी चुकणार न्हाय."

मोरीजवळचा तो दगड मूळचा तिथला नव्हता.

बाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवे. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ज्या जागेवर येऊन बसते तिला सहाण म्हणतात. आमची सहाण रस्त्याला लागूनच आहे, आणि हा किलोमीटरचा दगड आधी बरोबर तिच्या तोंडाशी होता. मी ऐन उमेदीत असताना एका शिमग्याला पालखी नाचवणाऱ्याचा पाय त्याला अडखळला आणि पालखी एका बाजूला कलली. जमिनीला टेकली नाही, पण कलली. गावात त्या वर्षी कोणी नीट जेवले नाही. मग थोरांनी ठरवले की दगड हलवायचा. सरकारकडे अर्ज कोण करणार? आम्ही सात-आठ जणांनी तो उपटला, बैलगाडीत घातला आणि पुढे नेत नेत, जिथे माती मऊ लागली तिथे, मोरीच्या कडेला रोवला. गुरवाने देवीसमोर गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने मागणे, घातले, आणि नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शब्द दिला की ही गोष्ट गावाबाहेर जाणार नाही. पुढे कोणी विचारलेच तर म्हातारे म्हणत, "दगुड आपला आपन चालत ग्येला." रस्तावाल्यांनी पुढे अनेकदा त्याला रंग दिला, आकडा लिहिला. कोणी मापून पाहिले नाही. आणि मीही, ज्याचा खांदा त्या दगडाला लागला होता, विसरून गेलो. गावाच्या दृष्टीने तो दगड कायमचाच तिथला झाला होता.

म्हणजे ज्याला मी एक किलोमीटर म्हणालो तो जवळजवळ सव्वा होता. म्हणजे काटा चाळीस दाखवी तेव्हा जीप पन्नासावर असे.

त्यानंतरचे काही महिने जीपचे कौतुक चालले होते. बायका म्हणत, नवा गिअरबॉक्स लक्ष्मीच्या पायाचा आहे. भागीमावशी माझ्या शेडवरून जाताना ओरडली, "नाना, काय मंतर घातलास रं? कोलंबी टोपलीत उड्या मारतेय आन् म्हसळा आला बी!" फक्त जनू गप्प गप्प असे. एका दुपारी तो एकटाच आला आणि बॉनेटला टेकून उभा राहिला. म्हणाला, "नाना, काटा चाळीसवर असतो, पन झाडं लवकर पळतात." मी विचारले, म्हणजे काय? "म्हंजे... वळणावरला तो काजू. त्यो येतो तवा माझा हात अजून गिअरवर पोचलेला नसतो. आदी पोचायचा." मी तारा तपासल्या. सेन्सर तपासला. सगळे जागच्या जागी होते. मी त्याला म्हणालो, "गिअरबॉक्स दुसरा आहे, सवय व्हायला वेळ लागतो. डोळ्याला काय कळतं? काट्यावर इस्वास ठेव." तो बॉनेटवरून सरळ झाला. मग म्हणाला, "तुमी म्हनता तर ठेवतो." आणि त्याने तो ठेवला.

थंडीच्या दिवसांत घाटातल्या त्या वळणावर जीप उलटली. रस्त्याच्या डागडुजीची खडी कडेला पसरलेली होती. वळणाच्या अलीकडे चाळीसची पाटी आहे. बाकीच्यांना खरचटले, मुका मार लागला. भागीमावशी पुढच्या सीटवर होती. ती गेली.

जनूने पोलिसांना पहिल्यापासून एकच सांगितले, "काटा चाळीसवर व्हता." चाकांच्या खुणा पाहणारे म्हणाले, शक्यच नाही. ब्रेक चांगले निघाले. मीटर कोण बघतो? लोकांना तर तो कित्येक महिने लवकर पोचत होता हे माहीतच होते. काल ज्या बायका त्याचे गुण गात होत्या, त्याच आता म्हणू लागल्या, "याला घाई झालती. बाईचा जीव घेतला आन् वर खोटं बोलतो." मला वाईट वाटले. पण खरे सांगायचे तर, तेव्हा मलाही तो खोटे बोलतो आहे असेच वाटले. माझे वायरिंग चुकणार कसे?

त्यानंतरच्या शिमग्यात पालखी सहाणेवर आली. सकाळची वेळ होती, ढोल चालले होते, मी कडेला उभा होतो. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, दगड हलवणाऱ्यांतलेच. ते समाधानाने म्हणाले, "बघ कशी मोकळी नाचते आता. दगुड हितं असता तर?" मी मान डोलावली. आणि मान डोलावता डोलावताच थांबलो. ढोल वाजत होते, पण मला ऐकू येईना. मला फक्त मोरीपाशी बटण दाबणारा माझा अंगठा दिसत होता.

खटला तेव्हा सुरू होता. मी बोललो असतो तर जीपचा मीटर तपासला गेला असता. मी बोललो नाही. देवीला दिलेला शब्द मोडता येत नाही, असे मी स्वतःला सांगितले. पण ते खरे कारण नव्हते. जनूनंतर त्याच दगडांवरून मी आणखी एका टेम्पोचा मीटर लावला होता. शिमगा संपायच्या आत मी त्या टेम्पोवाल्याला बोलावले, सर्व्हिसिंग म्हणून सांगितले, आणि टेप लावून रस्ता मोजून त्याचा मीटर दुरुस्त करून दिला. तो आभार मानून गेला. देवीच्या शब्दाची आठवण मला त्या दिवशी झाली नाही. तेव्हा मी कशाला घाबरत होतो हे वाचकांनी ओळखावे.

जनूचा परवाना गेला. जीप पोलीस ठाण्याच्या आवारात गंजली आणि शेवटी भंगारात गेली. त्याने काही वर्षे जाळी विणली, काही वर्षे आंब्याच्या बागेत राखण केली, मग पिऊ लागला. मी रस्त्यात दिसलो की तो आदराने थांबायचा. "नाना, बरं हाय ना?" त्याने माझ्यावर कधी एका शब्दाने आळ घेतला नाही. मी मात्र तो येताना दिसला की शेडच्या मागे जायचो...

तेरावे झाल्यावर मी सुनंदाकडे गेलो आणि सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. मी बोलत असताना तिचे बोट सुपात फिरतच राहिले. माझे संपले तेव्हा ती उठली, आत गेली आणि फडक्यात बांधलेले काहीतरी आणून माझ्यापुढे ठेवले. तो मीटर होता. जीप भंगारात द्यायच्या आधी जनूने तो काढून घेतला होता. ती म्हणाली, "ते म्हनायचे, ह्यो खोटं बोलतो का मी, त्ये कदीतरी नानांना इचारायचं हाय." मला रडू येईल असे वाटले, पण आले नाही. मी विचारले, "आता मी काय करू?" ती म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय? मावशीची लेक आजून आमच्या दारावरनं तोंड फिरवून जाते. तिला सांगा. आन् चार लोकांत सांगा. नाव घालून."

मावशीच्या लेकीकडे मी जाऊन आलो. ती काय म्हणाली ते तिचे आहे, इथे लिहीत नाही. चार लोकांत सांगायचे राहिले होते, ते आज सांगितले. शिमग्याला गाऱ्हाण्याच्या वेळी सहाणेवर उभा राहून पुन्हा सांगेन. मग गावाने मला काय करायचे ते करावे. जनार्दन खोटे बोलला नाही. तो पाटी बघून, काटा बघून, चाळीसनेच वळणावर गेला होता. त्याचे डोळे खरे सांगत होते, आणि मी त्याला ते मिटायला लावले.

तो मीटर आता माझ्या शेडमधल्या बाकावर आहे. एकदा बॅटरी लावून पाहिली. काटा क्षणभर थरथरला आणि शून्यावर येऊन थांबला. मागचे बटण दाबले की त्याच्या पोटातले जुने माप पुसले जाते. अंगठा दोनदा तिथपर्यंत नेला, आणि मागे घेतला. आमच्या गावाचा तो लांब किलोमीटर त्याच्यात अजून तसाच आहे.