मूठभर शेवग्याचा पाला

लसणाच्या फोडणीत शेवग्याचा पाला पडला की मला आईचं आजारपण आठवतं. लहानपणी येऊन गेलेल्या सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप खराब केली होती; चाळिशीत छाती उघडून धातूची नवी बसवली. तिच्या जवळ बसलं की घड्याळासारखी टिकटिक ऐकू यायची. झडपेत रक्ताची गाठ धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागे. जवळच्या पूर्णा गावची आत्या मात्र तिथल्या गोदामामागच्या शेवग्याचा पाला पिशवी भरभरून भिवंडीत आमच्या घरी आणायची. "वैनीचं रगत गेलंय, भरून याया पायजे," म्हणायची. पुढच्या तपासणीत रक्त घट्ट झालेलं निघालं. काय खाता, असं विचारून डॉक्टरांनी मूळ शोधलं: पाल्यानं गोळीचा असर कमी होत होता. सोबत आलेली आत्या तिथंच रडायला लागली, "मीच मारत व्हते गं वैनी तुला!" डॉक्टर म्हणाले, "बंद नका करू. रोज सारखाच द्या, मोजून. गोळी मी त्या मापानं ठरवतो." तेव्हापासून आत्या रोज स्वतःच्या हाताची एकच मूठ पाला आणायची, वर एक पान नाही. आई पुढं वीस वर्षं जगली. गेल्या महिन्यात आत्याचीच झडप वयानं आखडल्याचं निघालं. तिला छाती न उघडता, मांडीच्या रक्तवाहिनीतून नवी बसवली, धातूची नाही, जनावराच्या ऊतीची, आणि चौथ्या दिवशी ती घरी आली. तिला ती गोळी नाही, पाला हवा तेवढा चालतो, म्हणून मी पिशवीभर घेऊन गेले. तिनं त्यातली एक मूठ काढली आणि पिशवी मला परत दिली. "तुझ्या आईएवढाच बास," म्हणाली.