सलाइनच्या यंत्राचा नारळ

भोसरीहून निघताना मालकांनी माझ्याकडे यंत्राचे नकाशे दिले आणि वामनरावांकडे एक नारळ. चंद्रपूर येईपर्यंत दोघांनीही आपापली वस्तू मांडीवरून खाली ठेवली नाही.

वामनराव म्हणजे आमचे जुने फिटर. आमच्या शेडमध्ये औषध कारखान्यांसाठी स्टीलची यंत्रं बनतात. भरलेली टाकी उचलायची, वर न्यायची आणि हळूच कलती करून ओतायची, एवढंच त्यांचं काम. पण ते माणसाने टाकीवर न वाकता व्हायला हवं. माणूस वाकला की त्याच्या अंगावरचं काही ना काही आत पडतंच. हे यंत्र मात्र कारखान्यासाठी नव्हतं. एटापल्लीच्या वाटेवरचं एक इस्पितळ आपलं सलाइन आपणच बनवत असे, त्यांनी ते सांगून करवून घेतलं होतं. तिथल्या विजेचा भरवसा नव्हता, म्हणून मी त्याला हाताने फिरवायचं चाक बसवलं होतं आणि ते चाकही भिंतीपलीकडच्या खोलीत ठेवलं होतं.

चंद्रपूरला कोळशाच्या धुळीने स्वागत केलं. तिथून ट्रकने मूल, मग वैनगंगा ओलांडून गडचिरोली, आणि आलापल्लीच्या पुढे नुसता साग. महाशिवरात्र जवळ आलेली, झाडांची पानं गळून गेलेली. एवढ्या मोठ्या जंगलात सावली नाही याबद्दल वामनरावांना तक्रार करायची होती. ऐकायला मीच होतो.

एका नाल्याच्या वाळूत ट्रक रुतला. जवळच्या गावातून मडावी नावाचे वयस्कर गृहस्थ माणसं आणि बांबू घेऊन आले. यंत्राच्या पेटीवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "हे काय होय जी?"

"उचलायचं यंत्र आहे," मी म्हणालो.

"मंग याले कोन उचलते?"

"तुम्ही."

मडावींनी मान डोलावली. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उचलण्याआधी त्यांनी पानाच्या द्रोणातून मोहाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर सांडले आणि गोंडीत काहीतरी पुटपुटले. वामनराव माझ्या कानाशी आले. "बघा साहेब, रीत सगळीकडे आहे." पेटी वाजतगाजत नाही, पण न आपटता पलीकडे गेली.

इस्पितळात सलाइनचा कारभार मेश्रामबाईंकडे होता. चिमूरकडच्या बौद्ध घरातल्या, नागपूरला शिकलेल्या. आवाज बेताचा, हुकूम पक्का. आम्ही पोचताच त्यांनी आम्हाला भात, लाखोळीचं वरण (आपल्याकडे लाखोळीला लाखेची डाळ म्हणतात) आणि जवसाची चटणी वाढली. चटणी इतकी तिखट होती की मी डोळे पुसत विचारलं, यंत्राची एवढी घाई कशासाठी?

"महाशिवरात्रीले मार्कंड्याच्या जत्रेत आमचा तंबू असते," त्या म्हणाल्या. "हगवणीचे पेशंट येतेत. मागल्या वर्षी बाटल्या होत्या, पन त्यात धागे तरंगून राह्यले होते. हातानं टाकी ओतली का असंच होते. त्या बाटल्या मले लावता आल्या नाई. एक पोरगी गेली. माह्या समोर गेली."

मी ताटातली उरलेली चटणी संपवली.

यंत्र बसलं. खोली धुऊन, धूर देऊन, जंतू मारून बंद झाली. आता चालू करायचं, एवढ्यात वामनराव नारळ घेऊन दारात उभे राहिले.

"आत नाई," मेश्रामबाई म्हणाल्या.

वामनराव मला बाजूला घेऊन कुजबुजले, "बाई बौद्ध आहेत, त्यांना पूजा चालत नसेल." त्यांची कुजबुज जिल्ह्याला ऐकू जाते.

"पूजा करा नं भाऊ, मी काऊन अडवू? पन नारळाची शेंडी अन् पानी इथी आत नाई येनार. तुमाले बी मी उकळलेले कपडे घातल्याबिगर सोडनार नाई."

"मग मी चाक फिरवणार नाही," वामनराव म्हणाले. ते हट्टी होते, पण उगाच नव्हते. नारळाविना चालू केलेल्या पत्रा दाबायच्या एका प्रेसने त्यांच्या धाकट्या भावाची बोटं नेली होती. त्यांच्या मते चूक प्रेसची नव्हती. आणि त्यांच्या हाताशिवाय यंत्राची पहिली जुळणी करणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं.

जत्रा तोंडावर आली होती. मेश्रामबाईंनी नारळ हातात घेऊन पाहिला. "या खोलीत जे जाते ते ऑटोक्लेव्हमधून जाते. नारळ बी जाईन."

ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. कपडे उकळायच्या लहान ऑटोक्लेव्हमध्ये वामनरावांनी नारळ स्वतःच्या हाताने ठेवला आणि नमस्कार केला. वाफ चढली. आम्ही तिघं दाबाच्या काट्याकडे बघत बसलो. वाफ सोडताना आतून असा आवाज झाला की बाहेरचा कुत्रा उठून गेला.

झाकण उघडलं. आत नारळाच्या ठिकऱ्या होत्या.

"फोडाचाच होता नं?" मेश्रामबाईंनी विचारलं. "फुटला. आता चालू करा."

वामनरावांनी ठिकऱ्या एकेक उचलून पाहिल्या. हरकत कुठे घ्यावी ते त्यांना सापडेना. त्यांनी उकळलेले कपडे चढवले, आत जाऊन जुळणी केली आणि भिंतीपलीकडे येऊन चाक फिरवलं. टाकी उचलली गेली, वर गेली, कलली, आणि थेंबही न सांडता रिकामी झाली. बाटल्या भरल्यावर मेश्रामबाईंनी प्रत्येक बाटली उजेडात धरून पाहिली. धागा नव्हता. त्या संध्याकाळी चटणी कमी तिखट होती.

तपासण्या पार पडेपर्यंत आम्ही थांबलो आणि परतीच्या वाटेवर बाटल्यांच्या जीपमधूनच मार्कंड्याला उतरलो. नदीकाठची कोरीव देवळं, पेढ्यांची दुकानं, पाळणे. वामनरावांनी दर्शन घेतलं आणि तीर्थ म्हणून ते वैनगंगेचं ओंजळभर पाणी प्यायले. वर बर्फाचा गोळा खाल्ला. तो तीर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हगवणीने इस्पितळाच्या तंबूत आडवे होते. डोळे खोल गेलेले, ओठ पांढरे, हात गार. मी घाबरलो. त्यांच्या बायकोला काय सांगायचं, याची वाक्यं मनात तयार होऊ लागली आणि मला स्वतःचाच राग आला.

मेश्रामबाईंनी बाटली उजेडात धरली, उलटी टांगली आणि सुई लावली. वामनरावांनी डोळे किलकिले केले. "बाई, ही आपल्या यंत्राची?"

"हो भाऊ. नारळ फोडलेल्या मशीनची. काई होत नाई तुमाले."

ते हसले आणि झोपले. बाटली संपली, दुसरी लागली, तिसरीही लागली. संध्याकाळी त्यांनी भात मागितला तेव्हा मेश्रामबाई तंबूबाहेर जाऊन नदीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पदराने डोळे पुसून त्या आत आल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

भोसरीला परतल्यावर मालकांनी पहिला प्रश्न विचारला, "नारळ फोडला ना?" आम्ही दोघांनीही हो म्हटलं.

आता आमचा नारळ यंत्र ट्रकवर चढण्याआधीच फुटतो, शेडच्या दारात. त्याआधी वामनराव नळावर जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतात. त्यांना तसं करायला कुणी सांगितलेलं नाही.