लेबल काढायचं राहिलं

घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. हे मी कोणी न विचारताही सांगते. त्या दिवशी गोपालपुऱ्यातल्या आमच्या सॉफ्टवेअर कंपनीच्या ऑफिसात मात्र तोंड उघडवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका कोचिंग क्लासची परीक्षा, आणि मुलांची प्रवेशपत्रं आम्ही बनवलेल्या वेबसाइटवर उघडेनात. फाइली सर्व्हरवर होत्या, पण वेबसाइटला त्या वाचायची परवानगीच नव्हती. माझ्या प्रोबेशनचा शेवटचा आठवडा. त्यात सकाळीच सरांना ठणकावून सांगून बसले होते, "माझा कोड तपासलाय. घोळ सर्व्हरवाल्यांचा."

सर्व्हरवर प्रत्येक नव्या फाइलला सुरक्षेचं लेबल लागतं. ती कोणी वाचायची ते त्यावर ठरतं. प्रश्नपत्रिकेला ‘गुप्त’ लेबल लागावं म्हणून मी एक फंक्शन वापरलं होतं. प्रश्नपत्रिकेपुरतं सगळं नीट चाललं होतं.

"सिक्युरिटी ही बंद कर दो, मैडम," सर म्हणाले.

"सर, प्रश्नपत्रिका भी खुल जाएगी."

"तो ठीक करके दिखाओ. चार बजे तक."

कोडच्या त्याच पंधरा ओळी वाचून वाचून अक्षरं दिसेनात. शेवटी जिन्यात जाऊन रडले. तेवढ्यात बाबांचा फोन. बाबा रेल्वेत, डबे दुरुस्तीच्या शेडमध्ये खलाशी, म्हणजे मिस्त्रींच्या हाताखालचे मदतनीस.

"जेवलीस?"

"बाबा, नोकरी जाते बहुतेक. सगळं बरोबर आहे, तरी चालत नाही."

"आमच्याकडे चांगली गाडी हलेना, तर आधी बघतात कोणाचा लाल झेंडा राहिला. डब्याखाली जाताना लावायचा, बाहेर आलं की ज्याचा त्यानेच काढायचा. दुसरा हात लावत नाही."

"बाबा, ठेवते!"

धावत जागेवर येऊन त्या फंक्शनची माहिती पुन्हा वाचली. ते एका फाइलपुरतं नव्हतंच. लेबल एकदा ठरवून दिलं की प्रोग्राम पुढे बनवेल त्या प्रत्येक फाइलला तेच लागतं, आपण ते काढेपर्यंत. मी काढलंच नव्हतं. प्रश्नपत्रिकेमागून बनलेलं प्रत्येक प्रवेशपत्र गुप्त झालं होतं.

लेबल काढणारी एक ओळ वाढवली, आधीच्या फाइलींची लेबलं बदलली. पावणेचारला प्रवेशपत्रं उघडली.

सर खुश. "सर्वरवालों का ही लफड़ा था ना? अभी मेल ठोकता हूँ उनको."

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

"नहीं सर. गलती मेरी थी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा कायम करण्याचा कागद टेबलावर सहीसाठी ठेवलेला होता. तो उचलून त्यांनी सही न करताच ड्रॉवरमध्ये टाकला.