ड्रायव्हरना सूट नाही

चहा घ्या आधी, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण एकदा मी सुरू झालो की मध्ये थांबत नाही. काय आहे, चारचौघांची फजिती होते ती तोंडी. माझी झाली ती लेखी! टाइप केलेली, खाली सही, वर कंपनीचा शिक्का.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीचा सुमार असेल. मी भोसरीतल्या एका कोल्ड स्टोअरेजचा टेम्पो चालवायचो. मागे बंद पेटी, तिच्यात गोठवलेली मासळी, मटार असला माल. तो पिंपरी-आकुर्डीतल्या कंपन्यांच्या कँटीनमध्ये न्यायचा आणि तिथल्या थंड खोलीत नेऊन उतरवायचा. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत दातांवर दात. म्हणून आम्हाला एकेक कोट दिला होता. कोट कसला हो, बाह्या लावलेली गादी ती! कापूस भरलेला, गुडघ्यापर्यंत, आणि वास असा की काल कुठला मासा उतरवला ते डोळे मिटून सांगावं.

आम्ही ड्रायव्हर लोक तो घालायचा कंटाळा करायचो. मग एक दिवस ऑफिसबाहेर सूचना लागली. 'गोठवलेला माल उतरवताना कोट, कानटोपी व हातमोजे घालणे सक्तीचे आहे. ड्रायव्हरना सूट नाही.'

वाचलं आणि माझं टाळकंच सरकलं.

"युनूसभाई, हे बघा! कोट आहे, टोपी आहे, मोजे आहेत. आणि ड्रायव्हरना सूट नाही! का नाही? गाडी काय साहेब चालवतात?"

युनूसभाई दुसऱ्या टेम्पोवर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, शांत माणूस. मराठी बोलायचे झकास, पण वाचता यायचं नाही. ते म्हणाले, "दत्तूभाऊ, मासे उतरवायला सूट कशाला रे तुला?"

आता ह्यांना काय सांगू? निघोज्याला, माझ्या सासरी, मेहुणीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. नवा जावई कंपनीत कारकून, सूट घालून बोहल्यावर उभा राहणार होता. आणि मी थोरला जावई! सासरे, म्हणजे आप्पा, माझी ओळख कशी करून द्यायचे माहीत आहे? "हे आमचं मासळीवालं पाव्हणं." मला ते फार लागायचं. एकदा, फक्त एकदा, मांडवात त्यांनी चार लोकांना अभिमानानं माझं नाव सांगावं, एवढीच माझी इच्छा होती.

तेव्हा ठरवलं, अर्ज करायचा. कागदावर लिहिलं, 'तरी ड्रायव्हरला सूट द्यावा ही विनंती', आणि ऑफिसातल्या सबनीसांकडे टाइप करायला दिलं. सबनीस खास पुण्याचे, शनिवार पेठेतले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, लाल पेन्सिल काढली आणि 'द्यावा'चं 'द्यावी' केलं.

"सूट स्त्रीलिंगी असते हो. सूट द्यावी!"

"पण सबनीससाहेब, सूट तर..."

"ती सूट!"

आम्ही मूळचे बार्शीकडचे. पुण्याच्या माणसाशी मराठीवरून वाद घालायला मला काय वेड लागलं होतं? म्हटलं, असेल बुवा. तो शर्ट, ती पँट, मग ती सूट. ह्यात चुकलं काय?

"कारण काय घालू?" सबनीसांनी विचारलं.

"घाला ना, सध्याच्या कोटात अवघडल्यासारखं होतं."

"अस्सं!" म्हणाले, आणि दोन बोटांनी खडखड टाइप करून टाकलं.

चार दिवसांत उत्तर आलं. खाली मॅनेजरसाहेबांची सही. 'आपल्या अर्जाचा विचार करून, माल उतरवताना विहित कपडे घालण्यातून आपणांस, आपल्या जबाबदारीवर, सूट देण्यात येत आहे.'

मी तिथल्या तिथं उडी मारली! आता तुम्ही म्हणाल, अरे शहाण्या, नीट वाच की. वाचलं होतं हो! 'विहित' म्हणजे काय ते कळलं नाही, पण मला वाटलं, एखाद्या मिलचं नाव असेल. विहित कापड. चांगलंच असणार. बाकी ऑफिसचं मराठी असंच असतं, शेवटचे चार शब्द तेवढे आपले.

बायको लग्नाच्या कामासाठी आठ दिवस आधीच माहेरी निघाली होती. तिच्या हातात तो कागद दिला. म्हटलं, "आप्पांना दाखव. आणि सांग, थोरल्या जावयाला आहेराचं कापड आणू नका. माझी सूट मंजूर झालीय."

"माझी सूट?" ती म्हणाली. "माझा सूट म्हणा की."

"तुमच्या निघोज्यात म्हणत असतील. पुण्यात माझी म्हणतात."

तिकडून आप्पांचा निरोप आला. कागद खिशात जपून ठेवलाय, भर मांडवात गुरुजींकडून वाचून घेणार. मला रात्री झोप लागेना आनंदानं.

लग्नाच्या आदल्या दिवशी स्टोअरकीपर म्हणाला, "तुमची सूट मंजूर झाली ना? मग कोट जमा करा." जुना घेतील तेव्हाच नवी देतील, हे तर सरळ आहे! मी कोट, टोपी, मोजे सगळं त्याच्या टेबलावर ठेवलं, सही ठोकली. म्हटलं, "आता माझी कधी?" तो म्हणाला, "आजपासूनच." मला वाटलं, संध्याकाळी घरी जाताना देणार.

आणि तसाच आकुर्डीच्या कँटीनला गेलो. अर्ध्या बाहीच्या शर्टात! चाळीस खोकी मासळी थंड खोलीत लावायची. पहिल्या दहा खोक्यांत कान गेले. विसाव्या खोक्याला बोटं आपली की दुसऱ्याची, कळेना. दाराची लोखंडी कडी धरली तर हात सुटेना. मिशी कडक! घशाचा तर पार दगड झाला.

तेवढ्यात युनूसभाई त्यांची गाडी घेऊन तिथंच आले. "या अल्ला! कोट कुठंय?"

"ज-ज-जमा केला. स-स-सूट मिळणार."

"त्या कागदावर काय होतं? शब्दन् शब्द सांग."

पाठच होता. दात वाजवत वाजवत म्हणून दाखवला. युनूसभाईंनी अंगातला कोट काढून आधी माझ्या अंगावर घातला, मग कपाळावर हात मारला.

"अरे बाबा, ही छूटवाली सूट! तूच अर्ज करून कोट घालण्यातून माफी मागितलीस, आणि त्यांनी दिली!"

इतका वेळ बाहेरून गोठलो होतो, आता आतूनही गोठलो. सूट गेली खड्ड्यात, पण तो कागद! कागद निघोज्यात, आप्पांच्या खिशात!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं निघणार होतो. पण ताप भरलेला, डोळाच उघडला उशिरा. कुरुळीच्या फाट्यावर उतरलो आणि निघोज्याकडे पळत सुटलो. मांडवात पोचलो तर अक्षता पडलेल्या, लाउडस्पीकर चालू, गुरुजींच्या हातात माईक आणि माझा कागद. पाटील, सरपंच, नवऱ्याकडची सगळी मंडळी पुढ्यात बसलेली.

"वाचू नका!" मी ओरडलो. म्हणजे ओरडायला तोंड उघडलं. बाहेर आलं नुसतं फुस्स! घसा पार बसला होता.

मी हात हलवत पुढं गेलो. आप्पा माईकवरून म्हणाले, "बगा, आमचं थोरलं जावई, दत्तात्रयराव! कंपनीत लई मान हाय त्यांना. पार गहिवरलं बगा, शब्द फुटंना."

ज्यासाठी एवढा आटापिटा केला, ते अखेर ऐकायला मिळालं. पुरतं एक मिनिटसुद्धा टिकलं नाही.

गुरुजींनी खणखणीत आवाजात कागद वाचला. मग मनातल्या मनात पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी काय वो गुरुजी? समद्यांना कळंल असं सांगा की," आप्पा म्हणाले.

गुरुजी सरळ माणूस, खोटं कसं सांगणार? "म्हणजे असं, आप्पा, की जावईबापूंनी स्वतः अर्ज केला होता, आणि कंपनीनं त्यांना कामावर कपडे न घालण्याची परवानगी दिलेली आहे."

आप्पांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. एकदा गुरुजींकडे बघितलं, एकदा व्याह्यांकडे. आणि मग, माईक तसाच तोंडाशी धरून, आहेराच्या ताटाजवळ बसलेल्या भावकीला म्हणाले,

"आरं, आदी थोरल्या जावयाला टावेल-टोपी करा! टोपी न्हाई घावली तरी चालंल, पन टावेल जरा मोठा बगा!"