तिला दिलेला शब्द

ख्रिस्ती सेवेच्या प्रशिक्षणात माझ्याबरोबर शिकलेली एक मुलगी नेपाळला गेली, एक केनियाला. मला चारकोप मिळालं.

परदेशात जाऊन तरुणांमध्ये सेवा करायची, हे मी दोन वर्षं प्रार्थनेत मागत होते. पासपोर्ट काढून ठेवला होता. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात वडिलांनी उपासनेनंतर उभं राहून सगळ्यांना सांगितलंही होतं, "पोरगी बाहेरदेशी चाललीये." शेवटच्या दिवशी नेमणुका वाचून दाखवल्या तेव्हा माझा चेहरा पाहून आमच्या प्रमुख बाई हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, मुंबई तुला परदेशच आहे."

पहिल्या महिन्यातच ते खरं वाटायला लागलं. माझी मराठी ऐकून रिक्षावाला हिंदीत बोलायचा. गावाकडे कुणाच्याही उंबऱ्यात उभं राहिलं तरी पाणी मिळतं. इथे जाळीच्या दारामागून "कोण पाहिजे?" आणि मी सांगेपर्यंत आतलं लाकडी दार बंद. मी तेवीस वर्षांची होते. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका विधवा मावशींकडे राहत होते. त्या सकाळी सातला कामावर जायच्या. नंतर संध्याकाळपर्यंत माझं नाव घेऊन मला हाक मारणारं कुणीच नसायचं.

आमची मंडळी लहान, पंचवीस-तीस घरांची. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका वर्कशॉपच्या वरची खोली भाड्याने घेतली होती. रविवारी तिथे उपासना, शनिवारी पाच वाजता माझा तरुण संघ. मी दुपारीच जाऊन फरशी पुसायची, बारा खुर्च्या मांडायची, फळ्यावर बायबलमधलं वचन लिहायची. खाली मशीन सुरू असलं की खुर्च्यांचे पाय थरथरायचे. पाच वाजता कुणी नसायचं. साडेपाचला दोघं यायची, कधी चौघं. त्यांतला एक गिटार शिकायला, एक आईने ढकललं म्हणून. ग्रुपवर मी विचारायची, "आज येताय ना सगळे?" सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या आणि उत्तर कुणाचंच नाही.

सोमवारी प्रमुख बाईंचा फोन यायचा. "किती जण होते गं?"

पहिल्यांदा मी "चार" म्हणाले. पलीकडून नुसतं "बरं" आलं. पुढच्या सोमवारी मी "सात" म्हणाले. दिवाळीपर्यंत ते बारा झाले होते. वडिलांनाही मी बाराच सांगत होते आणि ते उपासनेत उभं राहून पुढे सांगत होते.

रोज पहाटे गुडघे टेकायची. तोंडातून शब्द यायचे, पण ते वर्गात शिकवलेले, दुसऱ्यांसाठी करायच्या प्रार्थनेचे. माझ्यासाठी काय मागायचं हेच कळेनासं झालं होतं. घरी जाऊ दे म्हणावं तर लाज वाटायची.

अशात ती आली. बारावी सायन्सची, सतरा वर्षांची. मी इस्टेटच्या गेटवर फुकट इंग्रजी संभाषणाचा कागद चिकटवला होता, तो वाचून आली. दारातच म्हणाली, "ताई, आम्ही हिंदू आहोत. मी प्रार्थनेला डोळे मिटणार नाही हं."

"नको मिटूस," मी म्हणाले.

"आणि पाण्यातबिण्यात बुडवणार नाही ना?"

मी हसले. त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले असेन.

तिचं घर दोन गल्ल्या पलीकडे. आजोबा कुडाळकडून येऊन परळच्या गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडल्यावर घर इकडे आलं. वडील एका कपड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर, आई डबे करून द्यायची. घराण्यात सायन्सला गेलेली ही पहिलीच, म्हणून गावच्या देवळात तिच्यासाठी नारळ ठेवला होता.

आधी ती आठवड्यातून दोनदा यायची. दिवाळीनंतर रोज यायला लागली, सकाळी दहाला, दप्तर घेऊन. मी वचनं काढत बसायची, ती खिडकीशी बसून चित्रं काढायची किंवा झोपायची. माझ्या डब्यातलं खायची. चार-पाच दिवसांनी मी विचारलं, "कॉलेज नाही का?"

"बंद केलं."

"कुणी?"

"मी. काही कळत नाही ताई तिथे. फिजिक्सचे सर बोलायला लागले की माझ्या कानात नुसतं गूं वाजतं. प्रॅक्टिकललापण नाही गेले. वाट लागलीये सगळी."

बोर्डाचा फॉर्म तिने भरलाच नव्हता. कॉलेजात आईचा म्हणून स्वतःचाच नंबर दिला होता, त्यामुळे घरी काही कळलं नव्हतं. मी म्हणाले, आईला सांगू या, मी येते तुझ्याबरोबर. ती एकदम उभी राहिली. 

"सांगितलंस तर मी परत दिसणार नाही तुला. कोणालाच नाही दिसणार. शपथ घे."

"आम्ही शपथ घेत नाही."

"मग शब्द दे."

मी दिला.

पुढे तीन महिने मी स्वतःला समजावत राहिले की विश्वासाने सांगितलेलं पोटात ठेवणं हाच सेवकाचा धर्म. मी तिच्यासाठी उपास केले, ते खरंच. पण आज लिहिताना दुसरंही लिहायला हवं. ती रोज येत होती. त्या खोलीत दुसरं कुणीही रोज येत नव्हतं. सोमवारच्या फोनवर मी तिच्याबद्दल सांगत होते की एक मुलगी फार जवळ आली आहे, आणि बाई म्हणत होत्या, "बघ, देव काम करतोय." मी तिच्या आईला सांगितलं असतं तर ती यायची थांबली असती. हे मला तेव्हाही कळत होतं.

फेब्रुवारी आला. तिच्या घरी क्लासचं टाइमटेबल भिंतीवर लागलेलं होतं, आई पहाटे उठून बदाम भिजवत होती. "हॉल तिकीट दाखव" म्हटल्यावर ही "कॉलेजमध्येच देणार आहेत" म्हणाली होती. मला हे सांगताना हसली, पण नखं कुरतडून बोटं लाल झाली होती. एकदा म्हणाली, "पेपरच्या दिवशी मी गोराईच्या जेटीवर जाऊन बसेन. तिथे बरं वाटतं. कोणी विचारत नाही." मी म्हणाले, "मी येते सोबत." ती म्हणाली, "नको यार, तू प्रार्थना करशील."

पहिला पेपर इंग्रजीचा. त्या सकाळी तिने आईला सांगितलं, मैत्रिणींबरोबर जाते. आईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. ती डबे तसेच टाकून मागोमाग बोरीवलीच्या केंद्रावर गेली. फाटकावरच्या याद्या वाचल्या. मुलीचं नाव कुठेच नव्हतं. कॉलेजला फोन लावला, तेव्हा कळलं की मुलगी दिवाळीपासून कॉलेजात नाही आणि फॉर्मच आलेला नाही. मुलीचा फोन बंद.

साडेअकराच्या सुमारास आई आमच्या खोलीचा जिना चढून आली. मागे नवरा आणि गल्लीतले तिघं-चौघं. आमचे पाळकसाहेब, मंडळीचे पास्टर, नेमके त्या वेळी तिथे पंखा दुरुस्त करून घेत होते. आईच्या हातात वाटी होती, दही-साखरेची. मुलगी निघताना खायची राहिली म्हणून ती घेऊनच निघाली होती आणि सगळीकडे तशीच घेऊन फिरत होती.

"माझा चेडू खंय आसा?" ती म्हणाली. "टीचर, माझी मुलगी इथे आलीये का?"

"नाही."

वडील म्हणाले, "रोज इथेच यायची म्हणे. तुम्ही काय शिकवत होता तिला? कॉलेज सोडायला तुम्ही सांगितलंत?" मागून एकजण म्हणाला, "अजून काय शिकवणार? धर्म बदलायला."

पाळकसाहेब पुढे झाले.  त्यांच्या डोळ्यासमोर ती खोली, तीस घरं, पोलीस चौकी, सगळं एकदम आलं असणार. "आमच्या ताईंना यातलं काही माहीत नाही. मुलगी फक्त इंग्रजीला यायची. हो ना ताई?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "मला काही माहीत नव्हतं."

पुरुष दोन दिशांना पांगले, कुणी स्टेशनकडे, कुणी क्लासकडे. आई तिथेच उभी राहिली. मग माझं मनगट धरून म्हणाली, "टीचर, तुम्ही चला माझ्याबरोबर. तुमचं नाव घरात रोज घ्यायची ती. तुम्ही हाक मारलीत तर ऐकेल."

आम्ही रिक्षात बसलो. आधी नॅशनल पार्कच्या फाटकापाशी गेलो, कारण ती तिथे मैत्रिणींबरोबर जायची असं आईला वाटत होतं. मग एका बागेत. प्रत्येक ठिकाणी आई उतरून लोकांना फोनमधला फोटो दाखवायची. मला जेटी आठवत होती. पहिल्या क्षणापासून आठवत होती. पण जेटी म्हणाले तर तुला कसं माहीत, हे विचारणार, आणि मग सगळंच. मी मनात देवाला म्हणत होते, तूच यांना तिकडे ने. माझं तोंड न उघडता तूच ने.

तो तास-सव्वा तास मी तसाच घालवला.

रिक्षा एका सिग्नलला थांबली. आईने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडे देवाला सांगतात ना तुम्ही? सांगा ना जरा. माझं ऐकत नाय तो आज."

तेव्हा मला राहवलं नाही. "मला माहीत होतं," मी म्हणाले. "कॉलेज सोडल्याचं, फॉर्मचं, सगळं. दिवाळीपासून. मी तिला शब्द दिला होता." आणि मग जेटीचं सांगितलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती रिक्षावाल्याला म्हणाली, "गोराई. जल्दी." आणि माझं मनगट सोडलं.

गोराईच्या खाडीला ओहोटी लागली होती. तिवरांची मुळं उघडी पडली होती, चिखलाचा वास येत होता. जेटीवर पलीकडे जाणाऱ्या दहा-बारा जणांची रांग होती. रांगेच्याही पुढे, जिथे पायऱ्या पाण्यात जातात, तिथे ती बसली होती. पाण्याबाहेरची शेवटची पायरी. बूट काढून शेजारी ठेवलेले. मोजे बुटांत घालून.

मी हाक मारली नाही.  आई चपला टाकून खाली गेली आणि तिच्या शेजारी, शेवाळावर, बसली.

"उठ गो बाय," ती म्हणाली. "घराक चल. भूक लागली नाय तुका?"

मुलगी पाण्याकडे बघत राहिली. तशीच म्हणाली, "आई, मला काहीच येत नाही."

"नाय तर नाय."

मग मुलगी रडायला लागली. वरून मी एवढंच पाहिलं की आईने तिचे बूट उचलून आपल्या मांडीवर घेतले, आणि दुसऱ्या हाताने तिच्या कुर्त्याची कड मुठीत पकडून ठेवली. रिक्षात बसतानाही सोडली नाही. मला त्यांनी बरोबर घेतलं नाही. मी चालत आले.

त्या आठवड्यात खोली गेली. वर्कशॉपच्या मालकाला गल्लीतल्या लोकांनी येऊन सांगितलं आणि तो म्हणाला, मला भानगड नको. रविवारची उपासना पाळकसाहेबांच्या घरात व्हायला लागली, निम्मी माणसं जिन्यावर बसून. मला कुणी दोष दिला नाही. मी आत आले की नुसतं बोलणं थांबायचं. पाळकसाहेब म्हणाले, "बेटा, मीच तुझ्या तोंडात ते घातलं." पण "हो" मीच म्हणाले होते.

सोमवारी फोन आला तेव्हा मी बाईंना सांगितलं की बारा कधीच नव्हते.  त्या म्हणाल्या, "मग एवढे दिवस तू तिथे करत काय होतीस?"  वडिलांना सांगायला मला अजून दोन महिने लागले.

मी गावी जायचं तिकीट काढलं होतं, तेव्हा एका दुपारी मुलीची आई मावशींच्या दारात आली. खूप खंगली होती. आत आली नाही. "ती जेवत नाय," म्हणाली. "बोलत नाय. पालिकेच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची डॉक्टर हाय, तिच्याकडे न्यायला सांगतात. ती म्हणते ताई आली तर येते." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तुला माफ केलेलं नाय. पण तू ये. आणि ते पुस्तक-बिस्तक आणू नको."

मी तिकीट रद्द केलं. वर्षभर दर बुधवारी आम्ही तिघी ओपीडीच्या बाकावर बसत होतो. मी तिच्या एका बाजूला, आई दुसऱ्या बाजूला. कधी तीन-तीन तास. आई माझ्याशी बोलायची नाही, डब्यातली भाकरी मात्र तिघींत मोडायची. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, परत बदलल्या. मे महिन्यात एकदा मुलीने गोळ्या फेकून दिल्या आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. दिवाळीच्या आसपास ती बाकावर बसून शेजारच्या म्हातारीचं चित्र काढायला लागली. पुढच्या वर्षी तिने आर्ट्सचा बाहेरून फॉर्म भरला. आई स्वतः जाऊन पावती बघून आली.

सेवा मी सोडली. कांदिवलीत एका शिकवणीत चौथीच्या मुलांना शिकवते. रविवारी उपासनेला जाते, मागे बसते. कुणी "ताई, तुम्ही प्रार्थना चालवा" म्हटलं की मान हलवून नाही म्हणते. डोळे मिटते, पण अजून मला देवाकडून काही ऐकू येत नाही.