छतावरच्या दोन रेघा

आमच्या बेडरूमच्या छताला दोन रेघा आहेत, हे मला अकरा वर्षं माहीत नव्हतं. शोध सुनंदानं लावला. ती माझी बायको. मणक्यातली गादी सरकली म्हणून डॉक्टरांनी तिला तीन आठवडे उताणं झोपवलं होतं. उताण्या माणसाला छताशिवाय दिसणार काय?

"अहो, त्या सीलिंगच्या पाट्या जिथं जुळल्यात ना, तिथं रेघ दिसतेय."

"कुठं?"

"दोन आहेत. सकाळपेक्षा आत्ता लांब झाल्यात."

तिसऱ्या दिवशी तिनं जेवण सोडलं. (वरण मी केलं होतं, पण दोष रेघांना दिला.) मी खाजाभाईंना फोन केला. अंबरपेठेतली निम्मी छतं त्यांच्या हातची!

"शुक्रवार को आतूं साब. तब तक आप हाथ नक्को लगाओ."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हणायला नको होतं. सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला दोन रेघा बुजवता येत नाहीत? मी तडक कोठीच्या बाजारात गेलो आणि पुट्टीची पिशवी, थापी आणि पॉलिश पेपर घेऊन आलो.

सुनंदाला हलवायची सोय नव्हती. म्हणून तिच्यावर डायनिंग टेबलाचं प्लास्टिक पांघरलं, तोंडावर छत्री उघडली, एक पाय स्टुलावर आणि एक पलंगाच्या कडेवर ठेवून मी कामाला लागलो.

"डावीकडे!" छत्रीखालून हुकूम आला.

"कुणाच्या डावीकडे?"

"माझ्या! तुमची डावी बाजू कुणी विचारलीय?"

तासाभरात रेघा गायब! पहिला थर, त्यावर दुसरा, आणि मन भरेना म्हणून तिसराही. छत्रीवर जेवढी पडली तेवढी सोडली, तर सगळी पुट्टी छतालाच लागली होती. मी अभिमानानं कडेचा दिवा लावला.

छताला दोन बांध आले होते! शेतात घालतात तसे. तिरप्या उजेडात त्यांची सावली थेट कपाटापर्यंत गेली होती.

"आधी रेघा होत्या," सुनंदा शांतपणे म्हणाली, "आता हद्द कायम झाली."

दुसऱ्या दिवशी पुट्टी वाळल्यावर मी पॉलिश पेपरनं घासायला सुरुवात केली. पांढरा धुरळा असा उठला की मला बायको दिसेना. बायकोला मी दिसत नव्हतो, पण त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. धुरळा बाहेर जावा म्हणून मी खाली उतरून पंखा लावला. पाचवर!

पात्यांवर साचलेली पुट्टी एका फेरीत सगळ्या खोलीत पोचली. उशीवर, औषधांवर, वरणात. छत्री उलटी झाली. सुनंदा हसू लागली, हसताना कळ आली म्हणून ओरडली, आणि ओरडताना पुन्हा हसली. "हसवू नका हो, कंबर जाते माझी!" मी घाबरून पंखा बंद केला. मला खरंच वाटलं, गादी आणखी सरकली.

गादी जागेवरच होती. सकाळी बांध मात्र दोन्ही कडांनी तडकले. दोनाच्या चार रेघा झाल्या! मी पुन्हा थापी उचलली.

शुक्रवारी खाजाभाई आले. बराच वेळ वर बघत राहिले.

"जोड पे जालीदार पट्टी लगाना, बाद में पतला हाथ मारना. यां तो पट्टीच नै! कौन करा ये?"

"था कोई," मी म्हणालो. "गौलीगुडा का. भाग गया."

"ऐसे आदमी कू घर में कायकू घुसने दिये साब?"

"तीस बरस से घुसा हुआ है, भाई!" पलंगावरून आवाज आला. "निकलताच नै!"

खाजाभाईंनी माझ्या भुवयांतली पुट्टी पाहिली. मग अत्यंत अदबीनं माझ्या हातातली थापी काढून घेतली, फिरवली आणि परत दिली.

तीन दिवस मी ती उलटी धरली होती.